समुद्र गाजवणाऱ्या तुळाजी आंग्रेंचा शेवट सोलापूरच्या किल्ल्यात कसा झाला?

सोलापूर आणि समुद्र यांचा तसा काही संबंध नाही. सरळ रेषेत मोजलं तरी इथून समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब. पाणी म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाचं. या तलावाला खेटूनच भुईकोट किल्ला उभा आहे. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर गर्दी होते तेव्हा हजारो माणसं याच तटाच्या कडेने ये-जा करतात.

पण ज्याच्या नावाने मुंबईपासून खाली केरळपर्यंतचे इंग्रज, डच आणि पोर्तुगीज कप्तान धास्तावायचे, त्या माणसाचे शेवटचे दिवस याच सोलापुरात कैदेत गेले. ही माहिती ग्रँट डफने दिली आहे. हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट होता आणि त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला.

तो कैदी म्हणजे तुळाजी आंग्रे. कान्होजी आंग्रेंचा मुलगा, विजयदुर्गचा मालक आणि मराठ्यांचा सरखेल.

आता तुम्ही म्हणाल, मराठ्यांच्या आरमारप्रमुखाला कैद केलं कोणी? इंग्रजांनी?

नाही. पेशव्यांनी.

हे असं का झालं हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

कान्होजी आंग्रे वारले ४ जुलै १७२९ ला. त्यांनी उभं केलेलं आरमार आणि कोकण किनाऱ्यावरच्या किल्ल्यांची साखळी मुलांच्या हाती आली. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण चारच वर्षांत, १७३३ मध्ये ते वारले. मग संभाजी आणि मानाजी या दोन भावांत भांडण पेटलं. भांडण मिटवायला पहिले बाजीराव पेशवे मध्ये पडले आणि १७३५ मध्ये त्यांनी चक्क वाटणी करून टाकली. कुलाबा, म्हणजे अलिबागकडचा भाग मानाजींना मिळाला आणि सोबत वजारतमाआब हा किताब. दक्षिणेकडचा सुवर्णदुर्ग-विजयदुर्गचा भाग आणि सरखेलपद संभाजींकडे.

वरवर बघता तोडगा बरा होता. पण एका आरमाराची दोन आरमारं झाली आणि दोघांनाही पुण्याच्या तोंडाकडे बघायची वेळ आली. पेशव्यांना हेच हवं होतं की नाईलाज होता, यावर आजही लोक वाद घालतात. माझ्या मते दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

१७४२ च्या सुमारास संभाजी वारले आणि दक्षिणेकडची गादी तुळाजींकडे आली. शाहू महाराजांकडून त्यांना सरखेलपदही मिळालं. तुळाजींनी आल्या आल्या स्वतःला सिद्ध केलं. जंजिऱ्याच्या सिद्दीकडे असलेला अंजनवेलचा किल्ला, म्हणजे गुहागरजवळचा गोपाळगड, त्यांनी १७४५ मध्ये जिंकून घेतला. वाशिष्ठीच्या मुखावरचा हा किल्ला मराठ्यांना कित्येक वर्षं सलत होता.

यानंतरची दहा वर्षं म्हणजे तुळाजींचा सुवर्णकाळ.

त्यांचं ठाणं होतं विजयदुर्ग. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा हा किल्ला. शेजारच्या गिर्ये गावावरून याला घेरिया म्हणायचे आणि इंग्रजांच्या कागदपत्रात तर कायम घेरियाच. तीन बाजूंनी पाणी, एकाआड एक तीन तट आणि मागे खाडीत जहाजं बांधायची, दुरुस्त करायची गोदी. वादळ असो की शत्रू, जहाजं खाडीत आत ओढून घेतली की काम झालं. किल्ल्याजवळ पाण्याखाली एक भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची जहाजं फुटायची, हे तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिलं असेल. ती भिंत बांधलेली की नैसर्गिक खडकाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण भिंत बाजूला ठेवली तरी हा किल्ला घेणं सोपं नव्हतं. कान्होजींच्या काळात इंग्रजांनी इथे प्रयत्न करून पाहिले होते, डचांनीही पाहिले होते. सगळे हात हलवत परत गेले होते.

आंग्रेंच्या लढायची पद्धत समजून घेतली तर पुढची गोष्ट जास्त कळते. त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची जहाजं. एक गुराब. दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, रुंद, उथळ पाण्यातही चालणारं आणि नाळेवर पुढे तोंड करून तोफा लावलेलं. दुसरं गलबत. लहान, हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी पळणारं. युरोपियन जहाजं मोठी, तोफाही जास्त, पण त्यांचा सगळा जीव वाऱ्यावर. वारा पडला की ती जागच्या जागी बसायची. नेमकी हीच वेळ साधून गलबतं गुराबांना दोर लावून ओढत आणायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूला उभी करायची. जहाजाच्या तोफा असतात दोन्ही कुशींना, मागच्या बाजूला फारशा नसतात. त्यामुळे समोरच्याला धड उत्तरही देता यायचं नाही. शिडं आणि डोलकाठ्या फोडून जहाज पांगळं केलं की गलबतांतले लोक तलवारी घेऊन वर चढायचे.

या पद्धतीने तुळाजींनी इंग्रजांचं रिस्टोरेशन नावाचं लढाऊ जहाज पकडलं. कंपनीच्या मुंबईतल्या आरमारातलं हे चांगल्यातलं जहाज. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. १७५४ मध्ये तर त्यांनी तीन डच जहाजांवर एकदम हल्ला केला. दोन जाळली आणि तिसरं पकडून आणलं.

इंग्रजांच्या कागदांत तुळाजींचा उल्लेख येतो तो चाचा म्हणून, म्हणजे समुद्री दरोडेखोर. इथे जरा थांबून विचार करायला हवा. आंग्रेंचं म्हणणं साधं होतं. हा किनारा छत्रपतींचा, आम्ही छत्रपतींचे सरखेल. या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना घ्या आणि त्याचे पैसे भरा. जो घेणार नाही त्याचं जहाज आम्ही पकडू. पोर्तुगीजांनी त्याआधी दोनशे वर्षं हेच केलं होतं आणि खुद्द इंग्रजही आपले परवाने इतरांना विकत होते. फरक एवढाच की त्यांना दुसऱ्याचा परवाना घ्यायचा नव्हता.

म्हणजे तुळाजी अगदी धुतल्या तांदळासारखे होते का? तर तसंही नाही. सावंतवाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य अशा शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखातही त्यांनी धुमाकूळ घातला होता. किनाऱ्यावरच्या आपल्याच व्यापाऱ्यांनाही त्यांचा जाच होता. कोकणातून पुण्याला तक्रारी जात होत्या त्या काही सगळ्या खोट्या नव्हत्या.

पण खरी ठिणगी पडली ती शाहू महाराज गेल्यावर. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज वारले आणि सगळा कारभार नानासाहेब पेशव्यांच्या हातात एकवटला. तुळाजींना हे मान्य नव्हतं. त्यांचा हिशोब असा होता की सरखेलपद मला छत्रपतींनी दिलं, पेशवाही छत्रपतींचा नोकर आणि मीही. मग मी पेशव्याला खंडणी का द्यायची? पेशव्यांचा माणूस वसुलीला आला तर त्याचा अपमान होऊन तो परत जायचा. आलेल्या वकिलांची नाकं कापून पाठवली अशीही एक गोष्ट जुन्या इंग्रजी पुस्तकांत आहे. ती जिंकलेल्या बाजूच्या माणसांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. वैर मात्र खरंच टोकाला गेलं होतं.

नानासाहेबांपुढे अडचण होती ती समुद्राची. जमिनीवरून कोकणातले किल्ले घेता आले असते, पण जलदुर्गांना रसद समुद्रातून मिळायची. ती तोडायला आरमार हवं आणि मराठ्यांचं जे बळकट आरमार होतं ते तर तुळाजींकडेच.

मग मुंबईकर इंग्रजांना बोलावलं गेलं.

१९ मार्च १७५५ ला मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए आणि पेशवे यांच्यात तह झाला. पेशव्यांच्या बाजूने कोकणचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर सगळी सूत्रं हलवत होते. तिसऱ्याच दिवशी कमोडोर विल्यम जेम्स प्रोटेक्टर हे ४४ तोफांचं जहाज आणि आणखी काही जहाजं घेऊन मुंबईहून निघाला. सोबत पेशव्यांची जहाजं. कुलाब्याचे मानाजी आंग्रे, म्हणजे तुळाजींचे सख्ख्या बापाकडून भाऊ, तेही पेशव्यांच्याच बाजूला.

पहिला घाव बसला हर्णैच्या सुवर्णदुर्गावर. एप्रिलच्या सुरुवातीला जेम्सने जहाज किल्ल्याच्या अगदी जवळ नेलं आणि तोफा डागल्या. एक गोळा आत पडून आग लागली, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. किल्ल्यातले लोक जीव घेऊन किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याकडे पळाले. दोन-तीन दिवसांत कान्होजींच्या काळापासून आंग्रेंचा असलेला सुवर्णदुर्ग पडला. पाठोपाठ बाणकोटही गेलं आणि ते पुढे इंग्रजांकडेच राहिलं. त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं.

जाता जाता एक गोष्ट. हा जेम्स पुढे श्रीमंत होऊन इंग्लंडला गेला. तो वारल्यावर त्याच्या बायकोने १७८४ मध्ये लंडनमध्ये शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या आठवणीत एक तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सुवर्णदुर्गचा हा इंग्रजी उच्चार. मनोरा आजही आहे. हर्णैतून बोटीने सुवर्णदुर्ग बघायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पावसाळा आला म्हणून मोहीम थांबली. पण तेवढ्यात तुळाजींचं नशीब आणखी फिरलं.

ऑक्टोबर १७५५ मध्ये रॉबर्ट क्लाईव्ह इंग्लंडहून फौज घेऊन मुंबईला उतरला. त्याला खरं तर दख्खनमध्ये फ्रेंचांशी लढायचं होतं. पण इंग्रज-फ्रेंचांचा भारतात तात्पुरता तह झाला होता, त्यामुळे ते काम बारगळलं. पाठोपाठ अॅडमिरल चार्ल्स वॉटसन इंग्लंडच्या राजाचं आरमार घेऊन मुंबईत आला. इतकी फौज, इतकी जहाजं आणि हाताला काम नाही. मुंबईकर इंग्रजांनी लगेच विजयदुर्गकडे बोट दाखवलं.

ही जहाजं कंपनीची व्यापारी जहाजं नव्हती, हे महत्त्वाचं. वॉटसनचं केंट ७० तोफांचं होतं, कंबरलँड ६६, टायगर ६०, सॅलिस्बरी ५०. आंग्रेंच्या सगळ्या युक्त्या ज्या जहाजांविरुद्ध चालत आल्या होत्या त्यांच्यापेक्षा हे प्रकरण फारच मोठं होतं. त्यात जेम्सने आधीच जाऊन विजयदुर्गची पाहणी करून ठेवली होती. किल्ला फार उंचावर आहे, मोठं जहाज जवळ जाऊ शकत नाही, असं इंग्रज इतकी वर्षं समजून होते. जेम्सने पाण्याची खोली मोजली आणि मोठी जहाजं थेट तटाच्या माऱ्यात नेता येतात असं कळवलं. माझ्या मते विजयदुर्गची लढाई अर्धीअधिक तिथेच ठरली.

निघण्याआधी मुंबईत आणखी एक बैठक झाली. विषय होता लूट मिळाली तर वाटणी कशी करायची. अॅडमिरलला किती, क्लाईव्हला किती, कप्तानांना किती यावर घासाघीस झाली. त्यात पेशव्यांचा वाटा धरलेलाच नव्हता. ज्यांच्यासाठी मोहीम, त्यांनाच हिस्सा नाही.

७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघालं आणि ११ तारखेला विजयदुर्गसमोर आलं. जमिनीच्या बाजूने पेशव्यांची फौज आधीच येऊन थांबली होती.

तुळाजींना आपण दोन्हीकडून अडकलोय हे दिसत होतं. इंग्रजांच्या हाती पडण्यापेक्षा आपल्या माणसांशी बोललेलं बरं, असा त्यांनी विचार केला असावा. किल्ला नात्यातल्या माणसाकडे सोपवून ते स्वतः पेशव्यांच्या छावणीत रामाजी महादेवांना भेटायला गेले.

तिथून ते परत आलेच नाहीत. त्यांना तिथेच अडकवून ठेवलं गेलं.

इंग्रजांना याचा राग आला, कारण त्यांना वाटलं, हे आपसांत तडजोड करणार आणि किल्ला, त्यातला खजिना आपल्या हातून जाणार. म्हणून त्यांनी घाई केली. १२ फेब्रुवारीला दुपारी जहाजं दोन रांगांत खाडीच्या तोंडाकडे सरकली. मोठ्या जहाजांची रांग किल्ल्यासमोर, लहान जहाजांची रांग आंग्रेंच्या आरमाराच्या बाजूला. किल्ल्यातून आधी तोफा सुटल्या आणि मग वॉटसनच्या जहाजांनी मारा सुरू केला. एका बाजूला शेकडो तोफा आणि उखळी तोफांतून पडणारे कुलपी गोळे.

तुळाजींचं सगळं आरमार त्या वेळी किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभं होतं. चारच्या पुढे एक गोळा नेमका रिस्टोरेशनवर पडला. तेच, इंग्रजांकडून पकडलेलं जहाज. ते पेटलं. दोर जळाले, जळकं जहाज शेजारच्यावर गेलं, त्यावरून पुढच्यावर. बघता बघता आग गुराबांवर, गलबतांवर, गोदीत बांधून होत आलेल्या जहाजांवर पसरली. कान्होजींनी आणि त्यांच्या मुलांनी पन्नासेक वर्षांत उभं केलेलं आरमार एका संध्याकाळी पाण्याच्या कडेला जळून गेलं. ते समुद्रात लढलं सुद्धा नाही. मला या सगळ्या गोष्टीत हे सर्वात जास्त लागतं. ज्यांची सगळी हुशारी वाऱ्यात आणि मोकळ्या पाण्यात होती ती जहाजं दोराने बांधलेली असताना संपली.

रात्री आग भडकलेली होती आणि किल्ल्यावर गोळे पडतच होते. आत सैनिक होते तसे खलाशी, सुतार, लोहार, बायका, पोरं असे सगळेच होते. इतिहासात त्यांची नावं नाहीत. तुळाजींची आई, बायका आणि मुलंही आतच होती. ज्यांच्यासाठी लढायचं तो धनी शत्रूच्या छावणीत, अशा अवस्थेत किल्लेदाराने काय करायचं?

त्याच रात्री क्लाईव्हने फौज किनाऱ्यावर उतरवली. कुठे, ते बघा. किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या बरोबर मध्ये. आपल्या दोस्तांनी आपल्याआधी किल्ल्यात शिरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, पुन्हा मारा झाला आणि किल्ल्यावर पांढरं निशाण चढलं. इंग्रजांच्या बाजूला मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज आणि दोनशेहून जास्त तोफा सापडल्या. पैसा ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला.

वॉटसनचा डॉक्टर एडवर्ड आइव्ह्ज याने या मोहिमेची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात वॉटसन तुळाजींच्या घरच्या लोकांना भेटायला गेला तो प्रसंग आहे. त्यांची आई, बायका, मुलं रडत होती आणि अॅडमिरलने त्यांना धीर दिला, असं आइव्ह्ज सांगतो. पण तुळाजींची आणि त्यांची भेट काही त्याला घालून देता आली नाही.

आता पेशव्यांची पाळी होती पश्चात्तापाची. इंग्रज किल्ला सोडेनात. ठरलं होतं की विजयदुर्ग पेशव्यांना द्यायचा, पण इंग्रज म्हणू लागले की बाणकोट परत घ्या आणि विजयदुर्ग आम्हाला ठेवू द्या. शेवटी १२ ऑक्टोबर १७५६ ला पुण्यात पुन्हा तह झाला. बाणकोट आणि आसपासची गावं इंग्रजांकडे राहिली आणि विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. पुढे तिथे पेशव्यांचं आरमार उभं राहिलं. आनंदराव धुळपांनी ते चांगलं चालवलंही आणि १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ इंग्रजांशी जोरदार झुंजही दिली. म्हणजे १७५६ नंतर मराठ्यांचं आरमार संपलंच असं म्हणणं बरोबर नाही. पण मुंबईच्या गव्हर्नरची झोप उडवणारं आरमार परत काही झालं नाही.

आणि वॉटसन-क्लाईव्हची ती जहाजं? विजयदुर्गहून ती मद्रासकडे गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी बंगालला. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतलं, मार्चमध्ये केंट, टायगर आणि सॅलिस्बरीने फ्रेंचांचं चंद्रनगर फोडलं आणि २३ जूनला क्लाईव्हने प्लासी जिंकली. विजयदुर्ग ते प्लासी, मध्ये फक्त सोळा महिने.

तुळाजींचं काय झालं? पेशव्यांनी त्यांना सोडलं नाही. ग्रँट डफच्या म्हणण्यानुसार त्यांना आधी साताऱ्याजवळच्या वंदनगडावर ठेवलं, नंतर सोलापूरला आणि तिथेच ते वारले. ज्याने आयुष्यभर भरती-ओहोटीचा हिशोब केला त्याला कोरड्या दुष्काळी मुलखात ठेवण्यामागे हेतू असणारच. सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणातल्या जुन्या माणसांपासून लांब, जिथून समुद्राचा वाराही येत नाही.

त्यांची दोन मुलं मात्र कैदेतून निसटली. ती थेट मुंबईला गेली आणि विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना त्यांना आसरा मिळाला. तो आसरा दिला इंग्रजांनीच.

सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने घेतला. विजयदुर्गही त्याच वर्षी इंग्रजांकडे गेला.